लाल-हिरव्या ओळी वाचणारी लेक

पत्र कोल्हापुरातल्या एका वडिलांचं आहे. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ते लिहितात : “तिच्या बरोबरची पोरं एआयचे कोर्स कराय लागल्यात. हिचं भलतंच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काळ्या स्क्रीनवर लाल-हिरव्या ओळी वाचत बसते. विचारलं तर म्हणते, लिनक्सच्या कर्नलमधल्या कुठल्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत न्यायच्या, ते ठरवायचं काम मला करायचंय. जुन्याला ठिगळं लावण्यात कसलं करिअर? एआय आल्यावर हे काम तरी राहील का? आणि नोकरी देणार कोण?”

नमस्कार.

‘ठिगळ’ हा शब्द तुम्ही वैतागून लिहिलाय, पण त्या धंद्यात नेमका तोच शब्द चालतो. कर्नलमधल्या प्रत्येक बदलाला पॅच म्हणतात. लाल ओळ काढून टाकलेली, हिरवी ओळ नवी घातलेली, आणि वर चार वाक्यांत कारण. तुमची लेक रात्री ते कारण वाचते आणि ते पटतंय का, हे खालच्या ओळींशी ताडून बघते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कसं लिहायचं, नेटवर्कवरून आलेला डेटा कुठल्या प्रोग्रामकडे पाठवायचा, हे सगळं तो बघतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पण बँकेचा सर्व्हर किंवा रेल्वेची सिग्नल यंत्रणा दर दोन महिन्यांनी गाभा बदलत बसत नाही. म्हणून ६.१, ६.६, ६.१२ अशा काही आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात; त्यांना दीर्घकालीन स्थिर आवृत्त्या म्हणतात. नवीन सोयी त्यात येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. स्थिर आवृत्त्यांची ही व्यवस्था २००५ पासून चालू आहे, आणि ग्रेग क्रोह-हार्टमन व साशा लेविन हे दोघं तिचे मुख्य राखणदार आहेत. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेण्याला बॅकपोर्ट म्हणतात.

आता तुमच्याच वर्कशॉपमधलं बोलतो. ऐन एप्रिलमध्ये शिरोळकडचा शेतकरी जुनं ऑइल इंजिन टेम्पोत घालून आणतो. ऊस वाळाय लागलाय. त्याला नवं इंजिन नको असतं, संध्याकाळपर्यंत पाणी सुरू झालेलं पाहिजे असतं. तुमच्याकडे सुधारलेला पार्ट आलेला आहे, जुन्यापेक्षा चांगलाच आहे, पण त्याची बैठक बदललेली आहे. तो बसवायचा म्हटलं तर शेजारचे आणखी दोन पार्ट बदलावे लागतात. अशा वेळी तुम्ही जेवढं बिघडलंय तेवढंच काढता, इंजिनाच्या मापाला बसेल असं लेथवर टर्न करून घालता आणि बाकीच्याला हात लावत नाही. इंजिन पुन्हा बंद पडलं तर शेतकरी तुमच्याच दारात येणार, हे तुम्हाला माहीत असतं. तुमची लेक हेच काम शिकायचं म्हणतेय. तिचं इंजिन एकाच वेळी लाखो ठिकाणी चालतं, एवढाच फरक.

या कामाचे नियम लिहिलेले आहेत आणि ते थोडेच आहेत. दुरुस्ती आधी टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये गेलेली असली पाहिजे, थेट जुन्यात नाही. ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली असावी. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत असावी. आणि लोकांना खरोखर त्रास देणारी चूक तिनं काढलेली असावी. नुसतं स्पेलिंग सुधारलं, कोड नीटनेटका केला, असलं चालत नाही. वाचताना वाटतं, यात ठरवायचं काय राहिलं?

मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तुमचं पत्र आल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो पुण्यात हेच काम करतो, सणाला घरी आला होता. त्यानं लॅपटॉपवर एक दुरुस्ती उघडली : एक लाल ओळ, दोन हिरव्या. एकच मेमरी दोनदा मोकळी होत होती, ती चूक काढलेली. मी म्हटलं, घेऊन टाक. तो म्हणाला, “सर, थांबा. ही चूक आली कधी?” दुरुस्तीखाली ‘फिक्सेस’ अशी ओळ असते. ज्या बदलानं चूक घुसवली, त्याचा बारा अक्षरांचा क्रमांक तिथं लिहितात. तो बदल ६.५ मधला निघाला. म्हणजे ६.१ मध्ये ही चूकच नसणार, विषय संपला. पण त्यानं ६.१ चा इतिहास उघडला, आणि तो चुकीचा बदल मागे कधीतरी दुसऱ्याच कारणानं बॅकपोर्ट होऊन तिथं आलेला होता. म्हणजे चूक आहे, दुरुस्ती पाहिजे. मग त्यानं ती लावून बघितली. एका झटक्यात बसली, कुठं अडली नाही. मी हुश्श केलं आणि तो उलट खुर्ची पुढं ओढून बसला. ६.१ मध्ये त्या फंक्शनमधलं कुलूप (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं ‘लॉक’) चार ओळी आधीच उघडलं जात होतं. हिरव्या ओळीतला रस्ता तेच कुलूप दुसऱ्यांदा उघडायला जाणार होता. तीन ओळींना पाऊण तास लागला. शेवटी त्यानं ६.१ साठी वेगळी दोन ओळींची दुरुस्ती लिहिली.

पॅच बिनतक्रार बसला म्हणजे तो बरोबर, असं नसतं. याची किंमत डिसेंबर २०२३ मध्ये जगानं बघितली. एक्स्टी-फोर ही लिनक्समधली फार वापरातली फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, आहे. तिच्यातली एक योग्य दुरुस्ती ६.१.६४ मध्ये, म्हणजे ६.१ च्या चौसष्टाव्या दुरुस्ती-आवृत्तीत, आणली गेली. ती दुरुस्ती शेजारच्या आयओमॅप या भागातल्या एका आधीच्या बदलावर उभी होती, आणि तो बदल ६.१ मध्ये आलेलाच नव्हता. सुटी बघितली तर दुरुस्ती अगदी बरोबर होती, पण जोडीदाराशिवाय तिनं फायलींमधला डेटा बिघडवायला सुरुवात केली. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची १२.३ ही आवृत्ती त्याच कर्नलसह बाहेर पडणार होती. ती थांबवावी लागली, आणि १० डिसेंबरला थेट १२.४ आली. कर्नलच्या ६.१ मालिकेत ६.१.६६ ला हे निस्तरलं. नव्या पार्टबरोबर त्याचं गॅस्केट आणायचं राहिलं तर काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि काही न आणणं हासुद्धा बिनधोक पर्याय नाही. सुरक्षेतलं भोक नव्या आवृत्तीत बुजवलं की ते कुठं होतं हे सगळ्यांना दिसतं, हल्ला करणाऱ्यालाही. म्हणून या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांतही एकमत नाही. क्रोह-हार्टमन यांचं म्हणणं, सगळ्या स्थिर दुरुस्त्या घ्या, निवडत बसू नका. एक्सएफएस या दुसऱ्या एका फाइलसिस्टीमवाले म्हणतात, आमच्या भागातलं आम्ही स्वतः निवडू, चाचण्यांतून काढू, मगच देऊ. लिनक्स विकणारी रेड हॅटसारखी कंपनी आपल्या ग्राहकांसाठी स्वतःच निवडून बॅकपोर्ट करते. त्यांच्या नवव्या आवृत्तीचा पाया ५.१४ हा कर्नल आहे, जो मूळ प्रकल्पाच्या दीर्घकालीन यादीत नाही. मला स्वतःला एक्सएफएसवाल्यांची रीत जास्त पटते. पण त्याला माणसं लागतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प आपल्या सुरक्षा-त्रुटींना सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींना जगभर वापरला जाणारा ओळख-क्रमांक) स्वतःच देतो, आणि ते भराभर येतात. प्रत्येक क्रमांकावर प्रत्येक कंपनीला विचारलं जातं : तुमच्या मालात ही त्रुटी आहे का? युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय. त्यानुसार तिथं डिजिटल माल विकणाऱ्यांना विक्रीनंतरही त्रुटी बुजवत राहाव्या लागतील. वीज केंद्रं, रेल्वे अशा ठिकाणांसाठी एखादा कर्नल दहा वर्षं सांभाळणारा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे. हे काम कमी होण्यातलं नाही.

एआय? यंत्रानं दुरुस्त्या सुचवणं इथं काही वर्षांपासून चालू आहे. लेविन यांचा ऑटोसेल हा त्यातलाच. लोक जे कळवायला विसरले ते तो शोधून पुढं ठेवतो. पण पुढं ठेवलेलं बघून हो किंवा नाही म्हणणारं आणि उद्या बिघडलं तर उत्तर देणारं माणूस लागतंच. तुमची लेक त्या बाजूला बसायचं म्हणतेय.

आता नावडतं बोलतो. या कामासाठी कॉलेजमध्ये कॅम्पसला कुणी येणार नाही, आणि अशा नावाची फ्रेशरची जागा जवळजवळ नसते. सुरुवात डिव्हाइस ड्रायव्हर, एम्बेडेड लिनक्स, प्लॅटफॉर्म टीम अशा नावांनी होते; पुण्यात आणि बंगळुरात, चिप बनवणाऱ्या, गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या आणि लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांत. पुढं घरून काम करणारे पुष्कळ आहेत, पण पहिली दोन-तीन वर्षं ज्येष्ठांच्या शेजारी बसून काढावीत असं माझं ठाम मत आहे. त्यामुळं कोल्हापूर काही काळ सुटेल. शिवाय चूक झाली तर ती सगळ्यांसमोर, ईमेलवर, कोरड्या इंग्रजीत सांगितली जाते. ते ज्याला सोसत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

आता चार ओळी तिच्यासाठी.

बाळ, हे काम तुला जमेल का, हे मी ठरवू शकत नाही, पण तुला स्वतःला कळेल अशी एक रीत सांगतो. एक दोनशे पानी वही घे. ६.६ मालिकेतली कुठलीही एक आवृत्ती उघड आणि दर रविवारी तिच्यातल्या दहा दुरुस्त्या वाच. प्रत्येकीसमोर लिही : ६.१ मध्ये ही पाहिजे का, का पाहिजे, आणि सोबत आणखी काय आणावं लागेल. लिहून झाल्यावरच ६.१ चा इतिहास उघडायचा. जिथं तुझं उत्तर चुकलं तिथं लाल पेनानं कारण लिही. पहिले तीन-चार रविवार बरंच चुकेल. तीन महिन्यांनीही ते कारण शोधायला मजा येत असेल तर पुढं जा, कंटाळा येत असेल तर खुशाल सोड. गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि सी (कर्नलची भाषा) तर पक्कं झालेलं असेल.

त्याचबरोबर स्थिर आवृत्ती येण्याआधी तिची आरसी, म्हणजे चाचणीसाठीची प्रत, निघते आणि तपासायला साधारण अठ्ठेचाळीस तास देतात. ती आपल्या लॅपटॉपवर बांध, चालव आणि काय दिसलं ते कळव. तुझ्या नावानं ‘टेस्टेड-बाय’ (तपासणारी व्यक्ती) अशी नोंद लागते, आणि मुलाखतीत ती दाखवता येते. लोकलमॉडकॉन्फिगनं, म्हणजे आपल्या मशीनला लागतं तेवढंच निवडून, बांधलास तर कर्नल बराच लहान होतो. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असली की भागतं, नव्या लॅपटॉपसाठी वडिलांच्या मागं लागू नकोस. लिनक्स फाउंडेशनचा नवशिक्यांसाठीचा कर्नल कोर्स फुकट आहे, तो आधी कर. त्यांच्या एलएफएक्स मेंटॉरशिपमध्ये कर्नलमधल्या चुका काढण्याची तुकडी असते, वही निम्मी भरली की तिथं अर्ज कर.

आणि दादा, तुम्हाला एक विनंती. एखाद्या सोमवारी, लाइट नसते आणि वर्कशॉप बंद असतं तेव्हा, तिच्याकडून एक दुरुस्ती समजून घ्या. इंग्रजी सोडून द्या, नुसतं विचारा : काय बिघडलं होतं, काय बदललं, शेजारच्या पार्टवर काय परिणाम होणार? हे प्रश्न तुम्ही रोज विचारता. तिला उत्तर देता आलं नाही तर तिनं पुन्हा वाचावं. वही भरत आली की ती घेऊन दोघंही माझ्याकडे या, लाल पेनानं लिहिलेली पानं मला आधी बघायची आहेत.