वाचक विचारतात : मोर्चातला कॅमेरा

प्रश्न : मुंबईच्या क्वीअर आझादी मार्चमध्ये, म्हणजे समलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या मोर्चात, या वेळी मी माझ्या मैत्रिणीसोबत चालणार आहे. मला छायाचित्रणाची आवड असून फुटपाथवर उभे राहण्यापेक्षा चालणाऱ्यांमध्ये राहूनच छायाचित्रे काढण्याचा विचार आहे. मैत्रिणीच्या मते प्रत्येकाला विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. मला वाटते की जो मोर्चा भररस्त्यातून जातो, त्यात परवानगी कसली मागायची? कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या वादात मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे, मात्र एवढ्या गर्दीत प्रत्येकाला आधी विचारणे अशक्य आहे, हेही मान्य करायला हवे. सार्वजनिक रस्त्यावरील मोर्चाचे छायाचित्र काढायला सहसा कायद्याची आडकाठी नसते. पण तुम्ही रस्त्याच्या कडेला नसाल. वृत्तपत्राचा छायाचित्रकार दिसताच जी व्यक्ती ओढणी पुढे ओढून घेईल, तीच तुम्हाला आपल्यातले समजून तुमच्यासमोर मोकळेपणाने नाचेल. तो मोकळेपणा सोबत चालणाऱ्यासाठी असतो. उद्या तिच्या गावातल्या एखाद्या व्हॉट्सअॅप गटावर तो फिरावा, याला तिने होकार दिलेला नसतो. म्हणून छायाचित्र काढण्याची परवानगी आणि ते प्रसिद्ध करण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली बहुधा नजरेनेच मिळते : कॅमेरा छातीशी, सर्वांना दिसेल असा धरा, समोरच्याकडे पाहा, मान हलली तर काढा, हात आडवा आला तर थांबा. दुसरी मात्र शब्दांनीच मागावी लागते, आणि तीही छायाचित्र पडद्यावर दाखवून, ते कुठे वापरणार हे स्पष्ट सांगून.

ही खबरदारी अवाजवी वाटत असेल, तर थोडे मागे जाऊ. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून हा मोर्चा पहिल्यांदा निघाला, तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते आणि त्या काळच्या अशा मोर्चांत मुखवटा घालून चालणारेही असत. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण घरमालक, कार्यालयातले वरिष्ठ आणि गावाकडचे काका त्या निकालाने बांधले गेलेले नाहीत. मुखवटे आजही दिसतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे घुसली, विद्यापीठाने समलैंगिक संबंधांवरून उलट त्यांनाच निलंबित केले, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिल्यानंतर काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, ते घरात मृतावस्थेत आढळले. ती उघड घुसखोरी होती आणि तुमचा हेतू चांगला आहे, हे मी जाणतो. परंतु एकदा हातातून सुटलेल्या छायाचित्राला हेतू चिकटून राहत नाही.

फलकांबाबतही सावध राहा. फेब्रुवारी २०२० मध्ये आझाद मैदानावर झालेल्या क्वीअर समुदायाच्या मेळाव्यातील घोषणांची चित्रफीत पसरल्यावर पोलिसांनी राजद्रोहाचा गुन्हा दाखल केला होता. चेहरा आणि राजकीय मजकूर एकाच चौकटीत येत असेल, तर त्या व्यक्तीला जरूर विचारा. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही, कारण ओळखीचे लोक गोंदण, पिशवी आणि चालण्याची ढब यांवरूनही माणूस ओळखतात; त्यापेक्षा पाठमोरे, हातांचे किंवा घुंगरांचे छायाचित्र निवडावे. लहान मुले दिसली, तर पालकांना विचारल्याखेरीज कॅमेरा उचलूच नये. प्रसिद्ध करण्यापूर्वी फाइलमधील स्थळाची नोंद काढून टाका.

आता छायाचित्रणाविषयी. उलटे चालत छायाचित्रे काढण्याचा मोह टाळा. मागून येणारा ढोलवाला तुम्हाला पाहत नसतो. रांगेच्या थोडे पुढे जाऊन कडेला थांबा, लोकांना जवळून जाऊ द्या, मग पुन्हा त्यांच्यात मिसळा. २८ किंवा ३५ मिमीची लेन्स पुरे. तुम्हीही चालत असता आणि समोरचेही, त्यामुळे शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. ढोलावरचा हात थोडा हललेला हवा असेल, तर जागेवर थांबून १/६० पर्यंत उतरा. अनेकजण मिळून धरतात त्या लांब इंद्रधनुषी झेंड्याखाली एकदा तरी जाऊन पाहा. ऊन वरून कापडातून झिरपते आणि एकाच माणसाचे कपाळ पिवळे, गाल हिरवा दिसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हे रंग ‘दुरुस्त’ करायला धावतो, म्हणून तो उन्हाच्या सेटिंगवर पक्का करा आणि एक्सपोजर थोडे कमी ठेवा, नाहीतर लाल पट्टा जळून सपाट होतो.

मोर्चाच्या आतून बाहेर पाहण्याची संधी मात्र बहुतेक छायाचित्रकार वाया घालवतात. बसच्या खिडक्या, गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबलेल्या बायका, कंटाळलेला बंदोबस्त हे सारे चालणाऱ्यालाच समोरून दिसते. माझ्या मते चांगली छायाचित्रे तिथेच असतात. पण मोर्चात उतरायचे धाडस न झाल्याने कडेला उभी राहिलेली माणसेही त्या गर्दीत असतात, तेव्हा तिथेही एकट्या चेहऱ्यावर रोख धरू नका.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. तेवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दिवसाउजेडी उत्तम भागेल. झूम वापरू नका, दोन पावले पुढे जा. क्लाउडवर आपोआप प्रत जाण्याची सोय त्या दिवसापुरती बंद ठेवा, आणि कुणी समोर उभे राहून छायाचित्र पुसायला सांगितले, तर ‘नुकतेच हटवलेले’ या फोल्डरमधूनही ते त्यांच्यादेखत काढून टाका.