सायमन प्राइस हे वेल्श संगीत पत्रकार नेमके कशासाठी ओळखले जातात?

थोडक्यात सांगायचं तर ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ (लाडाने ‘मॅनिक्स’) या वेल्श रॉक बँडवरच्या पुस्तकासाठी.

प्राइस यांचा जन्म १९६७चा, दक्षिण वेल्समधल्या बॅरी या समुद्रकाठच्या गावातला. नाव झालं ते ‘मेलडी मेकर’ या लंडनच्या संगीत साप्ताहिकात. १९९५च्या सुमारास सगळी ब्रिटिश संगीत-नियतकालिकं ब्रिटपॉपच्या, म्हणजे तेव्हाच्या गिटारप्रधान ब्रिटिश पॉपच्या, मागे धावत होती, तेव्हा या गड्याने ‘रोमो’ नावाच्या नटव्या, मेकअपवाल्या सिंथ-पॉपची (सिंथेसायझरवरच्या पॉपची) बाजू लावून धरली. रोमो फार टिकलं नाही. पण वाऱ्याबरोबर वाहत न जाण्याची त्यांची खोड तिथे दिसते.

१९९९मध्ये ‘एव्हरीथिंग’ हे मॅनिक्सवरचं पुस्तक आलं. मॅनिक्सचा गिटारवादक-गीतकार रिची एडवर्ड्स १ फेब्रुवारी १९९५ला लंडनच्या हॉटेलातून निघाला तो परतलाच नाही. त्याची गाडी तेवढी सेव्हर्न पुलाजवळ बेवारस सापडली. असा विषय सनसनाटी करणं सोपं होतं. प्राइस स्वतः चाहते, शिवाय त्याच मातीतले, म्हणून ते बँडची गाणी, कपडे, राजकारण आणि खाणकामगारांचा वेल्स असं सगळं एकत्र बघतात. मला विचाराल तर वाचायला सुरुवात इथूनच करा.

पुढे ‘इंडिपेंडंट ऑन संडे’ या ब्रिटिश वर्तमानपत्रात प्राइस यांनी बरीच वर्षं संगीत-समीक्षा केली. २०१३मध्ये त्या पत्राने आपल्या कला-समीक्षकांना एकदमच नारळ दिला, त्यात हेही गेले. दरम्यान ‘स्टे ब्युटिफुल’ नावाची क्लब-नाइटही (क्लबातली नाचगाण्याची रात्र) चालवली (नाव अर्थातच मॅनिक्सच्या गाण्यावरून). २०२३मध्ये ‘द क्युअर’ बँडवर ‘क्युअरपीडिया’ हा जाडजूड कोश आला.