शेतीविषयक प्रश्नोत्तरे : बेटावर वादळ धडकण्याआधी

या अंकातले बहुतेक प्रश्न एकाच पत्रातले आहेत. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. त्यांतल्या लुईस बेटावर एका मराठी कुटुंबाने क्रॉफ्ट घेतले आहे. क्रॉफ्ट म्हणजे तिकडची कुळाची छोटी शेती. तिला १८८६च्या कायद्यापासून संरक्षण आहे. शेवटचा प्रश्न रायगड जिल्ह्यातून आला आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाच एकर जमीन, चौदा मेंढ्या, बारा कोंबड्या आणि तीस फुटी पॉलिटनेल, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणलेले बोगद्यासारखे हरितगृह आहे. घर बांधून होईपर्यंत मुक्काम स्टॅटिक कॅरव्हॅनमध्येच, म्हणजे एका जागी उभ्या ठेवलेल्या चाकांवरच्या घरात आहे. हा आमचा पहिलाच हिवाळा. वादळाचा ॲम्बर इशारा (तिकडच्या हवामान खात्याचा रेडच्या खालचा) आला तर आधी काय करायचे आणि नंतर काय?

उत्तर : आधी तुमचा स्वतःचा मुक्काम कुठे हलवायचा ते ठरवा, मग कोंबड्यांचे बघा. ताशी शंभर मैलांच्या झोताला वारा त्याच्या आड येणाऱ्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १२५ किलोचा दाब टाकतो. पन्नास मैलांना हाच दाब ३१ किलोच्या आसपास असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तो असा. दहा मीटर लांब, अडीच मीटर उंच कॅरव्हॅनच्या एका बाजूवर तीन टनांहून जास्त जोर येतो, शिवाय छपरावर वरच्या दिशेने ओढ असते ती वेगळीच. चासीला साखळ्या बांधून त्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या असल्या तरी रेड इशाऱ्यात कॅरव्हॅनमध्ये झोपू नये. ॲम्बरमध्येही शेजाऱ्याच्या दगडी घरी किंवा गावच्या हॉलमध्ये सोय होणार असेल तर ती आदल्या दिवशीच पक्की करून ठेवा.

जायचे तर उजेडात जा. ११ जानेवारी २००५च्या रात्री याच बेटांपैकी साउथ यूस्टमध्ये एक कुटुंब घरात पाणी शिरेल या भीतीने मोटारींतून बाहेर पडले. समुद्र रस्त्यावर आला होता आणि पाच जण वाहून गेले. बेटांना जोडणारे बांधरस्ते वाऱ्यापेक्षा पाण्यामुळे जास्त धोक्याचे असतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने वर येते. म्हणजे दाब नेहमीपेक्षा पन्नासेकने उतरून ९६० झाला की नेहमीपेक्षा अर्धा मीटर पाणी निव्वळ त्यामुळेच चढते, आणि लाटा त्यावर. त्याच वेळी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती असेल तर किनाऱ्यालगतचा रस्ता गेलाच म्हणून समजा. म्हणून अंदाज वाचताना वाऱ्याच्या वेळेशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवा.

आता कामांचा क्रम. डिसेंबरअखेरीस लुईसच्या स्टॉर्नोवे गावी नऊनंतर उजाडते आणि साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी जेमतेम साडेसहा तास. उंचावरची आणि दोन माणसांची कामे इशाऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी उरका. सुटे सामान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत घेता येते. कचऱ्याचे डबे, ढकलगाडी, रिकामी पिंपे, फळ्या, पत्र्याचे तुकडे यांतले काहीही बाहेर ठेवू नका. उडून जाणाऱ्या वस्तूची किंमत दहा पाउंड असते, पण ती ज्या खिडकीवर आदळते तिची शंभर. केरोसीनची प्लास्टिकची टाकी अर्धी रिकामी असेल तर भरून घ्या. १२०० लिटर तेलाचे वजनच ९५० किलोच्या पुढे जाते. फाटके दोन्ही टोकांना बांधा. नुसत्या कडीवरचे फाटक तासभर आपटत राहिले की बिजागरी खांबातून उपटते.

प्रश्न : कोंबड्यांचे खुराडे लाकडी आहे. स्क्रूसारखे फिरवून जमिनीत बसणारे अँकर आणि रॅचेटचे, म्हणजे दांडी हलवून आवळायचे पट्टे आणले आहेत. एवढे पुरेल?

उत्तर : पट्टे ठीक आहेत, अँकर नाहीत. तुमची जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, भिजलेल्या स्पंजसारखी. तिच्यात स्क्रू-अँकर वरवर घट्ट वाटतो, पण वरच्या दिशेने हिसके बसले की सरकत सरकत बाहेर येतो. त्याऐवजी खुराड्याच्या दोन्ही बाजूंना पाऊण मीटर खोल चर खणा. त्यात कुंपणाचा जाड खांब आडवा ठेवा, त्याला गॅल्व्हनाइज्ड साखळीचा वेढा द्या, साखळीचे टोक वर काढा आणि माती थरांनी ठोकून चर बुजवा. आडव्या खांबाला वर यायचे तर वरची सगळी माती उचलावी लागते. ज्या ठिकाणी कातळ वर आला आहे, तिथे भोक पाडून रेझिनमध्ये कडीचा बोल्ट बसवा.

पट्टे छपरावरून आडवे दोन टाका. त्यांच्याखाली मासेमारीचे जुने जाळे पसरा म्हणजे जोर एका रेषेत न येता विभागला जातो. तिकडच्या पूर्वीच्या दगडी ‘काळ्या घरां’च्या (ब्लॅकहाउस) गवती छपरांवरही दोरांचे जाळे टाकून त्याला दगड लटकवलेले असत. पट्टा ओढण्याआधी त्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि त्या थरथरीनेच रॅचेट सैल होते किंवा पट्टा कडेला घासून तुटतो. कोपऱ्यांवर जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा घाला. नायलॉनचा दोर वापरू नका, भिजल्यावर तो ताणतो. पॉलिस्टर ताणत नाही.

कोंबड्या आदल्या संध्याकाळी आत घेऊन दार बंद करा. दर कोंबडीला दिवसाला सव्वाशे ग्रॅम खाणे आणि पाव लिटर पाणी धरा. दोन दिवस बंद राहिल्या तर टोचाटोची होते, त्यासाठी एक कोबी टांगून ठेवा.

प्रश्न : पॉलिटनेलचे दार उघडे ठेवले तर वारा आरपार जाईल आणि प्लास्टिक वाचेल, असे शेजारी म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि नुकसान उरलेल्या अर्ध्यानेच होते. वाऱ्याच्या पाठीकडची बाजू उघडी असेल तर आतला दाब खरोखर कमी होतो आणि छपरावरची ओढ घटते. पण तिकडची वादळे दिशा बदलतात. कमी दाबाचे केंद्र बेटांच्या उत्तरेने निघून जाते, तेव्हा वारा आग्नेयेकडून सुरू होतो, दक्षिणेला वळतो आणि शीत सीमा (मागून येणाऱ्या थंड हवेची कड) पार झाली की पश्चिमेला किंवा वायव्येला जातो. कित्येकदा सर्वांत जोराचे झोत या शेवटच्या टप्प्यातच येतात. संध्याकाळी पाठीकडे असलेले दार मध्यरात्री वाऱ्याच्या तोंडावर येते. मग वारा आतून फुगवतो, बाहेरून ओढतो आणि सगळा सांगाडा उचलला जातो. दारे बंदच ठेवा आणि आतून आडवी फळी लावा. गोठ्याच्या दारालाही तेच करा.

प्लास्टिक ढोलासारखे ताठ हवे. सैल प्लास्टिक फडफडते आणि कमानीवर घासून चिरते. बारीक चीर असेल तर कोरड्या हवेत दोन्ही बाजूंनी दुरुस्तीची टेप लावा, ओल्यावर ती धरत नाही. जमिनीत गाडलेली किनार कुठे उघडी पडली आहे का ते पाहून तिथे माती आणि दगड टाका. अंदाज तुमच्या सांगाड्याला झेपणारा नसेल तर प्लास्टिक आदल्या दिवशी कापून काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. प्लास्टिक दर काही वर्षांनी बदलायचेच असते, वाकलेल्या कमानी मात्र महाग पडतात. पण वारा सुरू झाल्यावर चाकू घेऊन जाऊ नका. सुटलेले प्लास्टिक माणसाला पाडते.

पुढच्या वर्षी पैसे घालायचे असतील तर पॉलिक्रब पाहा. हे शेटलंडमध्ये तयार झालेले हरितगृह आहे. सॅमन मत्स्यशेतीतल्या टाकाऊ पाइपांच्या कमानींवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवतात. त्याआधी वाऱ्याकडे एक जाळीचे कुंपण घाला. निम्मी हवा आरपार जाऊ देणारे कुंपण स्वतःच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. सलग भिंतीमागे मात्र भोवरे उठतात.

प्रश्न : मेंढ्या शेडमध्ये घ्याव्यात का? नोव्हेंबरअखेर मेंढा सोडला होता, म्हणजे त्या गाभण आहेत.

उत्तर : शेड मजबूत, हवेशीर आणि मेंढ्यांच्या सवयीचे असेल तरच. कधी आत न राहिलेल्या गाभण मेंढ्या दाटीवाटीने कोंडल्या तर चेंगराचेंगरी होते आणि दमट हवेत न्युमोनिया होतो. शिवाय शेडच पडले तर सगळ्याच जातात. पूर्ण लोकर असलेली ब्लॅकफेस किंवा शेव्हिऑट जातीची मेंढी थंडीला पुरून उरते. दोन-तीन बाजूंनी दगडी गडगा असलेला माळ तिला बरा. फक्त किनाऱ्यापासून वर आणा. शेवाळ खायला खडकांवर उतरलेल्या मेंढ्यांची वाट उधाण बंद करते. बर्फाचा अंदाज असेल तर घळीत ठेवू नका, बर्फ तिथेच साचतो.

आदल्या दिवशी भरपूर सुके गवत द्या. ते पोटात आंबताना जी ऊब देते ती रात्रभर पुरते. वादळात बाहेर टाकलेले गवत मात्र कुंपणालाच मिळेल. दर मेंढीला दिवसाला दीड किलो धरले तर चौदा मेंढ्यांना पाच दिवसांत १०५ किलो लागते, म्हणजे वीस किलोच्या सहा गासड्या. बेटावर येणारी फेरीबोट काही दिवस बंद राहणारच, तेव्हा हा साठा आधीपासून हवा. घाबरून एकदम पेंड वाढवू नका, पोटात आम्ल होऊन मेंढी दगावते.

वारा उतरल्यावर पहिली फेरी कुंपण पाहायला नव्हे, उताण्या पडलेल्या मेंढ्या शोधायला मारा. भिजलेल्या लोकरीच्या वजनाने गाभण मेंढी पाठीवर पडली की तिला उठता येत नाही, पोट फुगते आणि काही तासांत ती मरते. उभी केल्यावर पाय स्थिर होईपर्यंत धरून ठेवा.

प्रश्न : पाणी बोअरवेलचे आहे, वीज गेली की सगळेच थांबते. जनरेटर किती मोठा हवा?

उत्तर : फ्रीझर, फ्रिज, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि घरातले दिवे यांना दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, तेव्हा तो एकटाच चालवा आणि आधी एकदा करून पाहा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवला तर तासाला सुमारे लिटरभर, म्हणजे पाच दिवसांना वीस लिटर पेट्रोल. ब्रिटनमध्ये घरी तीस लिटरपर्यंत पेट्रोल कळवल्याशिवाय ठेवता येते, प्लास्टिकच्या कॅनमध्ये दहापेक्षा जास्त नाही. भरलेला फ्रीझर न उघडता ४८ तास टिकतो.

जनरेटर बाहेरच, दारे-खिडक्यांपासून दूर चालवा. कॅरव्हॅनखाली किंवा पडवीत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वास नसतो. भिंतीतल्या सॉकेटमधून घरात वीज सोडू नका. ती उलटी तारांवर जाते आणि दुरुस्तीला आलेला माणूस मरतो. घराची वीज तारांवरून तोडून जनरेटरला जोडणारा चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

बोअरचे पाणी वादळाआधीच पिंपांत भरा, दर मेंढीला रोज पाच लिटर धरून. फोन फायबरवरचा असेल तर विजेबरोबर तोही जातो, त्यामुळे राउटरला बॅटरी लावा आणि मोबाइल भरून ठेवा. वीज गेल्याचे कळवायला १०५ क्रमांक आहे.

छोटी पवनचक्की असल्यास ती वारा वाढण्याआधी, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे थांबवा. बॅटरीपासून नुसती तोडली तर तिच्यावर भार राहत नाही आणि ती अधिकच वेगाने फिरून पाती सोडते.

प्रश्न : ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या श्रीवर्धनकडची सुपारी आडवी झाली, पत्रे गेले. वरच्यातले काय आम्हाला लागू पडते?

उत्तर : बांधण्याचे सगळे. वेगळे एवढेच की चक्रीवादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर मध्ये वारा पडतो आणि मग उलट्या दिशेने येतो. त्या शांततेत छपरावर चढू नये. पत्र्यावर सर्वांत जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना असते, म्हणून पागोळीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर जे-हुक घाला, मधल्या ओळींत एकाआड एक चालेल. पण हुक वाशाला आणि वासा चिऱ्याच्या भिंतीला पट्टीबोल्टने बांधलेला नसेल, तर पत्र्याबरोबर वासेही जातात. पक्के नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मेअखेरीसच उतरवून घ्या.