वाचकांचे प्रश्न : घरफाळ्याच्या पावतीपासून एबी फॉर्मपर्यंत

महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीत लागू असलेले नियम धरून दिली आहेत. अर्जाच्या तारखा प्रत्येक वेळी नव्याने जाहीर होतात, त्या राज्य निवडणूक आयोगाच्या कार्यक्रमातच पाहाव्यात.

मी पाचगावात राहतो, दुकान राजारामपुरीत आहे, घरफाळाही भरतो. मला कोल्हापूर महापालिकेला उभे राहता येईल का?
*– एक व्यापारी*

दुकान आणि घरफाळा इथे उपयोगाचे नाहीत. वय 21 पूर्ण हवे आणि नाव महापालिकेच्या मतदार यादीत हवे, एवढेच कायदा मागतो. पाचगाव, उचगाव ही गावे हद्दीबाहेर आहेत, म्हणून तिथल्या यादीतल्या मतदाराला उभे राहता येत नाही. हद्दवाढीची चर्चा कितीही जुनी असली तरी यादीत नाव आल्याशिवाय तिचा उमेदवाराला फायदा नाही.

महापालिका स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेते आणि प्रभागांप्रमाणे फोडते. 2026 च्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी घेतली होती. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव दुरुस्त होते, पण विधानसभेच्या यादीत नसलेले नाव नव्याने घालता येत नाही. खरोखर शहरात राहायला येणार असाल, तर आधी विधानसभेच्या यादीत पत्ता बदला. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

माझे नाव मंगळवार पेठेच्या यादीत आहे. उपनगरातल्या प्रभागातून लढता येईल?

येईल. उमेदवार शहरातल्या कुठल्याही प्रभागाचा मतदार चालतो. अर्जावर सही करून नाव सुचवणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून लढायचे त्याच प्रभागाचे मतदार हवेत. घोटाळा बहुधा इथेच होतो. तालमीतला जवळचा मित्र सही करतो आणि छाननीत कळते की प्रभागाची हद्द बदलल्यावर त्याचे नाव पलीकडे गेले. 2015 ला शहरात 81 एकसदस्यीय प्रभाग होते, 2026 ला 20 बहुसदस्यीय झाले, त्यामुळे जुन्या आठवणीवर हद्द ठरवू नका. सही घेण्याआधी अंतिम यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पडताळा आणि तोच अर्जात लिहा.

एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. त्यांतला किमान एक अर्ज वेगळ्या सूचक-अनुमोदकांच्या सहीने भरावा. एका सहीवर हरकत आली तरी दुसरा अर्ज टिकतो.

थकबाकी असली की अर्ज बाद होतो म्हणतात. माझ्याकडे महापालिकेचा भाड्याचा गाळा आहे. भाडेवाढीचा वाद चालू आहे.
*– गाळेधारक*

दोन गोष्टी वेगळ्या करू. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर माणूस अपात्र ठरतो. स्थावर मालमत्तेच्या भाडेपट्ट्याला यातून सूट आहे, म्हणून गाळा असणे हा अडथळा नाही. रस्त्याचे, गटारीचे काम घेतलेल्या फर्ममध्ये भागीदारी असेल तर मात्र आहे.

थकबाकीचे कलम लोक समजतात त्यापेक्षा अरुंद आहे. विशेष नोटीस बजावल्यावर तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर अपात्रता येते. नुसते बिल थकले म्हणून कलम लागू होत नाही. पण हा युक्तिवाद छाननीच्या टेबलावर करायची वेळ आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. समोरचा उमेदवार वकील घेऊन बसलेला असतो आणि अधिकाऱ्याकडे त्या दिवशी वेळ नसतो. वादातली रक्कम हक्क राखून, तसे लेखी पत्र देऊन भरा आणि ना-देय (थकबाकी नसल्याचा) दाखला घ्या. घरफाळा, पाणीपट्टी आणि इस्टेट विभाग या तिन्हीकडून खात्री करा. घर वडिलांच्या नावावर आणि पाण्याचे कनेक्शन जुन्या मालकाच्या नावावर असेल तर दाखला अडकतो. ही नावे बदलायला आठवडे जातात, म्हणून हे काम आचारसंहितेच्या आधी उरकावे.

पहिली मुलगी 2008 ची, नंतर 2011 ला जुळे झाले. तीन अपत्ये म्हणून मी बाद?
*– एक वाचक भगिनी*

नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये झाली तर अपात्रता येते हे खरे. पण एका अपत्यानंतरच्या एकाच प्रसूतीत कितीही मुले झाली तरी ती एकच धरली जातात, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. दत्तक घेतलेले मूल मोजले जात नाही. उलट, स्वतःचे तिसरे मूल दुसऱ्याला दत्तक दिले म्हणून सुटका होत नाही. जुळ्यांचे जन्मदाखले अर्जाच्या दिवशी सोबत ठेवा.

माझ्याकडे कुणबी दाखला आहे, जातवैधता नाही. ओबीसी जागेवर अर्ज चालेल का?

दाखला तपासून वैधता प्रमाणपत्र देणाऱ्या जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र जोडून चालतो. खरा प्रश्न निवडून आल्यानंतरचा आहे. निकालापासून सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर निवड रद्द होते. 'समितीकडूनच उशीर झाला' ही सबब चालत नाही, हे कोल्हापूरच्याच प्रकरणात ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेव्हा शहरातल्या सुमारे वीस नगरसेवकांचे पद धोक्यात आले आणि सरकारला मुदतवाढीची दुरुस्ती करावी लागली. तशी दुरुस्ती पुन्हा होईल या भरवशावर राहू नये.

ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, महसुली नोंदी शोधा आणि वंशावळीतले प्रत्येक नाव कागदाला जुळते का बघा. 'रामा' आणि 'रामचंद्र' एकच माणूस, हे तुम्हाला माहीत असते, समितीला नसते. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आजच अर्ज टाका.

प्रतिज्ञापत्रात जुनी केस लिहावी का? लिहिली तर अर्ज बाद होईल अशी भीती वाटते.

लिहा. प्रलंबित गुन्ह्यामुळे कोणी अपात्र होत नाही, लपवल्यामुळे मात्र पद जाऊ शकते. मालमत्ता आणि कर्जे पती-पत्नी व अवलंबितांचीही द्यायची असतात. सोसायटीचे कर्ज, सोने, शेतातला सामाईक हिस्सा या नोंदी लोक हमखास विसरतात. एकही रकाना कोरा सोडू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. घरातले शौचालय वापरत असल्याचे स्वयंप्रमाणपत्रही जोडायचे असते.

पक्षाचे तिकीट शेवटच्या दिवशी मिळाले तर?

एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाचे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीनिशी अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. मोबाइलवर आलेला फोटो, झेरॉक्स चालत नाही. अर्ज आधीच भरून ठेवा आणि फॉर्म नंतर जोडा. प्रभागातल्या अ, ब, क, ड यांपैकी नेमकी कुठली जागा हे फॉर्मवर आणि अर्जावर सारखे आहे ना, ते वाचून मगच द्या.

पैसे किती लागतात?

अनामत 5,000 रुपये, राखीव प्रवर्ग आणि महिलांना 2,500. कोल्हापूर 'ड' वर्गात असल्याने खर्चाची मर्यादा 9 लाख. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते काढा आणि खर्च त्यातूनच करा. मंडप, रिक्षा, चहा-नाश्ता यांचे दर अधिकारी ठरवून देतात. तुम्ही कमी दर लावला तरी हिशेबात त्यांचाच दर धरला जातो. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. हा नियम हरलेल्यांनाही आहे, आणि हिशेब देणे बहुतेक तेच विसरतात.

अर्ज चुकीने बाद केला तर कोर्टात जाता येते?

निवडणूक सुरू असताना न्यायालये शक्यतो हात घालत नाहीत. निकाल लागल्यावर दहा दिवसांत निवडणूक याचिका दाखल करता येते. त्यासाठी छाननीच्या दिवशीच नामंजुरीचा लेखी, कारणांसह आदेश मागून घ्या. किरकोळ शुद्धलेखनाची चूक हे बाद करण्याचे कारण होत नाही, पण सहीच नसेल तर याचिकेतही फारसे हाती लागत नाही.