खुडूक कोंबडी

प्रश्न : आमची लाडकी कोंबडी आठवडाभर खुराड्यातून उठत नाही. खाली अंडं नाही, हात लावला की अंग फुगवून टोचते. आजारी असेल का?

उत्तर : आजारी कोंबडी इतका राग दाखवत नाही. ही खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायच्या नादात आहे. पोटावरची पिसं गेलेली दिसतील. अंड्यांना थेट ऊब लागावी म्हणून ती स्वतःच उपटते. कोंबडा असेल तर फलित अंडी ठेवा, साधारण 21 दिवसांत पिल्लं निघतील. नसेल तर उठवाच. दिवसातून जेमतेम एकदा खाऊन ती वाळत जाते, अंगावर उवाही वाढतात. नुसतं बाहेर सोडलंत तर परत तिथेच जाईल (हट्टी जात!). जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर ठेवा. आत भुसा-गवत अजिबात नको, दाणापाणी भरपूर. खालून वारा लागला की बहुतेकींचा खुडूकपणा 3-4 दिवसांत उतरतो. अंडी मात्र लगेच मागू नका.