लाराव्हेल आणि व्हीट: बिल्ड होतं, पण पानावर स्क्रिप्ट येत नाही

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कने जेएस-सीएसएस फाइली ब्राउझरसाठी बांधून देणारं (बिल्ड करणारं) साधन 2022 मध्ये बदललं: वेबपॅकवर चालणारं मिक्स मागे ठेवून व्हीट घेतलं (शब्द फ्रेंच आहे, उच्चार ‘व्हीट’). तेव्हापासून एकाच सांध्यावरचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: एका बाजूला पीएचपी, दुसऱ्या बाजूला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, व्हीट त्यावरच चालतं), आणि मधे नेमकं काय घडतं? या वेळची निवडक पत्रं त्याच सांध्यावरची आहेत.

प्रश्न: लोकलला सगळं चालतं. सर्व्हरवर कोड चढवला की ‘व्हीट मॅनिफेस्ट नॉट फाउंड’ म्हणून 500 ची एरर येते. गिटमध्ये तर सगळं टाकलं आहे.

सगळं टाकलेलं नाही. लाराव्हेलच्या मूळ गिटइग्नोर फाइलीत (गिटने काय घ्यायचं नाही त्याची यादी) ‘पब्लिक/बिल्ड’ आणि ‘पब्लिक/हॉट’ दोन्ही वगळलेले असतात, आणि ते योग्यच आहे.

लाराव्हेल स्वतः काहीही बंडल करत नाही, म्हणजे फाइली एकत्र बांधत नाही. ब्लेडमध्ये (लाराव्हेलच्या पानांच्या टेम्पलेटमध्ये) @व्हीट ही ओळ आली की पीएचपी आधी ‘पब्लिक/हॉट’ फाइल आहे का ते बघतं. असेल तर डेव्ह सर्व्हर (काम करताना फाइली थेट पुरवणारा व्हीटचा सर्व्हर) चालू आहे असं धरून त्या फाइलीतला पत्ता, सहसा पोर्ट 5173 चा, स्क्रिप्ट टॅगमध्ये घालतं. नसेल तर ‘पब्लिक/बिल्ड/मॅनिफेस्ट.जेसन’ उघडतं आणि ‘रिसोर्सेस/जेएस/ॲप.जेएस’ या नावासमोर हॅश (मजकुरावरून काढलेला, नावात जोडलेला कोड) लावलेली कोणती फाइल आहे ते शोधतं. मॅनिफेस्टही नसेल तर तुमची एरर. लोकलला एनपीएम रन डेव्ह (एनपीएम म्हणजे नोडचा पॅकेज मॅनेजर; ही कमांड डेव्ह सर्व्हर चालवते) चालू होतं, म्हणून मॅनिफेस्टची गरजच पडली नाही.

डिप्लॉयचा क्रम असा ठेवा: कंपोझर (पीएचपीचा पॅकेज मॅनेजर) इन्स्टॉल, मग एनपीएम सीआय, मग एनपीएम रन बिल्ड, आणि त्यानंतरच नवी आवृत्ती लाइव्ह. एनपीएम इन्स्टॉलऐवजी सीआय वापरा, म्हणजे लॉकफाइलमधल्या (नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) आवृत्त्या जशाच्या तशा येतात. इथे एक खड्डा आहे. सर्व्हरवर नोड-एन्व्ह हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘प्रॉडक्शन’ असेल तर एनपीएम डेव्ह डिपेंडन्सीज (फक्त विकासाच्या वेळी लागणारी पॅकेजेस) घेतच नाही. लाराव्हेलमध्ये व्हीट त्याच यादीत असतं, त्यामुळे बिल्डच्या वेळी व्हीट ही कमांडच सापडत नाही. सीआयच्या पुढे ‘--इन्क्लूड=डेव्ह’ द्या. नोडची आवृत्तीही तपासा: व्हीट 7 ला 20.19 किंवा 22.12 च्या पुढचं नोड लागतं.

शेअर्ड होस्टिंगवर नोडच नसेल तर आपल्या मशीनवर बिल्ड करून ‘पब्लिक/बिल्ड’ हे फोल्डर अख्खं चढवा. मॅनिफेस्ट जुनं आणि फाइली नव्या, असं अर्धवट चढवलंत तर पान उघडेल पण स्क्रिप्टला 404 येईल.

प्रश्न: लाइव्ह साइटच्या कन्सोलमध्ये ‘लोकलहोस्ट:5173’ ला कनेक्शन नाकारल्याची एरर दिसते. बिल्ड तर केलं आहे.

‘पब्लिक/हॉट’ सर्व्हरवर गेली आहे. ती डिलीट करा, काम झालं. कंट्रोल-सीने डेव्ह सर्व्हर थांबवला की लाराव्हेलचं व्हीट प्लगइन ही फाइल स्वतः काढतं. प्रोसेस जबरदस्तीने मारली किंवा लॅपटॉप अचानक बंद पडला की ती मागे राहते, आणि एफटीपी किंवा झिप गिटइग्नोर पाळत नाही.

प्रश्न: ‘अनेबल टू लोकेट फाइल इन व्हीट मॅनिफेस्ट: रिसोर्सेस/जेएस/रिपोर्ट.जेएस’. फाइल जागेवर आहे, डेव्हमध्ये चालतेही.

डेव्ह सर्व्हर मागाल ती फाइल देतो. बिल्ड मात्र व्हीटच्या कॉन्फिग फाइलीतल्या ‘इनपुट’ यादीपासून सुरू होतं आणि तिथून इम्पोर्ट होत जाणाऱ्या फाइलीच घेतं. ब्लेडमधून थेट बोलावलेली प्रत्येक फाइल त्या यादीत हवी. यादीत असूनही एरर येत असेल तर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं पाहा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

प्रश्न: मिक्स काढून व्हीट आणलं आणि ब्लेडमधल्या सगळ्या जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी, $ नावाने वापरतात) स्क्रिप्ट बंद पडल्या. ‘$ इज नॉट डिफाइन्ड’. ॲप.जेएसमध्ये जेक्वेरी इम्पोर्ट केलेली आहे.

याची कारणं दोन आहेत, आणि दोन्ही दूर केल्याशिवाय सुटका नाही. एक, व्हीट स्क्रिप्ट ‘टाइप=मॉड्यूल’ म्हणून लावतं. मॉड्यूल पानाचं एचटीएमएल वाचून झाल्यावर चालतं. तुमची ब्लेडमधली साधी स्क्रिप्ट वाटेतच चालून जाते, तेव्हा जेक्वेरी आलेलीच नसते. दोन, मॉड्यूलमधलं व्हेरिएबल मॉड्यूलबाहेर दिसत नाही.

म्हणून ‘जेक्वेरी-ग्लोबल.जेएस’ नावाची वेगळी फाइल करा. त्यात दोनच ओळी: जेक्वेरी $ या नावाने इम्पोर्ट करा, आणि ब्राउझरच्या विंडो या ग्लोबल ऑब्जेक्टवरच्या विंडो.$ व विंडो.जेक्वेरी (इथे क्यू कॅपिटल) या दोन्हींना तेच द्या. ॲप.जेएसच्या पहिल्याच ओळीत ही फाइल इम्पोर्ट करा, जेक्वेरीची प्लगइन्स त्याखाली.

वेगळी फाइल का? या दोन ओळी ॲप.जेएसमध्येच लिहून खाली प्लगइन इम्पोर्ट केलं तर वाचताना क्रम बरोबर वाटतो. पण इम्पोर्ट केलेल्या सगळ्या फाइली आधी चालतात आणि विंडोला नेमून देणारी ओळ त्यांच्यानंतर. ग्लोबल जेक्वेरी शोधणाऱ्या प्लगइनला ती मिळत नाही.

ब्लेडमधल्या स्क्रिप्टलाही ‘टाइप=मॉड्यूल’ लावा. मॉड्यूल पानावरच्या क्रमाने चालतात, त्यामुळे @व्हीट हेडमध्ये असेल तर जेक्वेरी आधी तयार असते. मात्र मग एचटीएमएलमध्ये ‘ऑनक्लिक’मधून बोलावलेली फंक्शन्स सापडणार नाहीत. ती ॲड-इव्हेंट-लिसनरवर न्या. फारच असतील तर तूर्त विंडोवर टांगा.

आणि घाईघाईत सीडीएनवरची (फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरची) जेक्वेरी पुन्हा जोडू नका. पानावर दोन जेक्वेरी झाल्या की प्लगइन एकीला चिकटतं आणि तुम्ही दुसरी वापरता. सिलेक्ट2 या प्लगइनबद्दलची ‘सिलेक्ट2 इज नॉट अ फंक्शन’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

प्रश्न: बिल्डमध्ये फाइल 500 केबीपेक्षा मोठी असल्याची वॉर्निंग येते. कॉन्फिगमध्ये मर्यादा वाढवू का?

त्याने फक्त वॉर्निंग दिसेनाशी होईल, मोबाइलवर उतरणारा बोजा तेवढाच राहील. एखाद्याच पानाला लागणारी चार्टची किंवा एडिटरची लायब्ररी बघा आणि ती डायनॅमिक इम्पोर्टवर (गरज पडल्यावर होणारा इम्पोर्ट) टाका: पानावर चार्टचा घटक आहे का ते तपासा, असेल तरच ‘अवेट इम्पोर्ट’. व्हीट तिचा वेगळा तुकडा पाडतं आणि गरज पडली तरच ब्राउझर तो आणतो.

यातून एक नवी अडचण येते, ती आधीच सोडवून ठेवा. वापरणाऱ्याने पान सकाळपासून उघडं ठेवलं आहे आणि दुपारी तुम्ही नवं बिल्ड चढवलं. प्रत्येक बिल्डच्या आधी व्हीट जुनं फोल्डर रिकामं करतं. वापरणाऱ्याने बटण दाबलं की जुन्या नावाचा तुकडा मागितला जातो आणि 404 येतो. व्हीट अशा वेळी विंडोवर ‘व्हीट:प्रीलोडएरर’ हा इव्हेंट देतं. तो ऐकून पान रिलोड करता येतं, पण समोर अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो पुसला जाईल. त्यापेक्षा मागच्या काही बिल्डच्या फाइली नव्या ॲसेट्स फोल्डरात ठेवणं बरं. नावात हॅश असल्याने त्या एकमेकींवर चढत नाहीत.

प्रश्न: पेमेंट गेटवेची की फ्रंटएंडला हवी होती, म्हणून एन्व्ह फाइलीत (सेटिंग्जची फाइल) नावापुढे ‘व्हीट_’ लावून टाकली. सर्व्हरवर बदलली तरी जुनीच का येते?

‘व्हीट_’ने नाव सुरू होणाऱ्या व्हेरिएबलची किंमत (त्यात ठेवलेली व्हॅल्यू) बिल्डच्या क्षणी बंडलमध्ये अक्षरशः छापली जाते. बदलल्यावर पुन्हा बिल्ड हवं.

पण मोठा धोका वेगळा आहे. ती किंमत साइट उघडणारा कोणीही ब्राउझरमध्ये वाचू शकतो. ती की पब्लिक प्रकारची असेल तर हरकत नाही. सीक्रेट असेल तर आजच गेटवेच्या डॅशबोर्डवरून ती रद्द करून नवी काढा आणि व्यवहाराची विनंती लाराव्हेलच्या कंट्रोलरमधून पाठवा. बंडलमधून नुसती काढून टाकणं पुरेसं नाही, ती आधीच बाहेर गेली आहे.

प्रश्न: साइट मराठी आहे, मुक्त फॉन्ट वापरतो. लाइव्हवर दिसतो, डेव्हमध्ये 404.

सीएसएसमध्ये पत्ता ‘/फॉन्ट्स/…’ असा स्लॅशने सुरू केला असणार. डेव्हमध्ये सीएसएस 5173 वरून येतं, म्हणून ब्राउझर फॉन्टही तिथेच मागतो. तो तर ‘पब्लिक’मध्ये आहे. फाइल ‘रिसोर्सेस/फॉन्ट्स’मध्ये हलवा आणि पत्ता ‘../फॉन्ट्स/…’ असा सापेक्ष लिहा. दोन्हीकडे चालेल आणि बिल्डमध्ये हॅशही लागेल.

युनिकोड-रेंज (फॉन्ट कोणत्या अक्षरांना लावायचा ते सांगणारी सीएसएसची ओळ) देत असाल तर 0900-097एफ या देवनागरीच्या पट्ट्यावर थांबू नका. 200सी-200डी घाला, कारण जुन्या मजकुरात ‘दर्‍या’सारखे शब्द शून्यरुंदीचा जॉइनर घालून टाइप केलेले असतात आणि ते तुटून दिसू शकतात. 20बी9 सुद्धा घाला, नाहीतर ₹ वेगळ्याच फॉन्टमध्ये उमटेल.