बिऱ्हाड हलवण्याआधी: कोणते उपनगर निवडावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बदली झाली, कुटुंबासह नव्या प्रदेशात जायचे आहे, राहायचे कोणत्या भागात, असे विचारणारी पत्रे मला वर्षभर येतात. शहरे निराळी, गोंधळ तोच. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देते आहे. नगररचनेचे काम करताना मी पाहिलेल्या बहुतेक चुका जागा न पाहता, किंवा एकदाच आणि तीही सुट्टीच्या सकाळी पाहून झालेल्या आहेत.

प्रश्न: गेल्या गेल्या घर विकत घ्यावे की आधी भाड्याने राहावे?

भाड्याने. निदान वर्षभर, म्हणजे त्या जागेचे सगळे ऋतू अनुभवून होतात. करार मुदतीआधी सोडावा लागला तर काय, हे कलम वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न: जाहिरातीत ‘स्टेशन १० मिनिटांवर, शहर अर्ध्या तासावर’ असे लिहिले आहे. हे खरे धरावे का?

कोणाची १० मिनिटे? मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावरून गाडी हाकणाऱ्याची, की एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात मूल धरून चालणाऱ्या आईची? माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे १० मिनिटांत जेमतेम ८०० मीटर. जाहिरातीतली अंतरे अनेकदा नकाशावर पट्टी ठेवून मोजलेली असतात. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत की ओलांडता न येणारा महामार्ग, हे पट्टीला दिसत नाही. ‘शहर’ म्हणजे शहराची वेस की तुमच्या कचेरीचे दार, हेही जाहिरात सांगत नाही.

कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी, दारापासून दारापर्यंत स्वतः जाऊन या, आणि संध्याकाळी परतीचा प्रवासही करा. गाडी दर ३० मिनिटांनी असेल आणि वेळापत्रक तुमच्या सुटण्याशी जुळत नसेल, तर फलाटावर सरासरी १५ मिनिटे उभे राहावे लागेल. तीही प्रवासातच धरा. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडले होते की शहर पायी चालणाऱ्यांचे असो वा मोटारींचे, माणूस दिवसाकाठी सरासरी तासभर प्रवासाला देतो. ही सरासरी आहे, तुमच्या घराला लागू पडेलच असे नाही. पण तुमचा हिशेब रोज अडीच तासांवर जात असेल, तर करार करण्याआधी पती-पत्नी दोघांनीही आपापल्या कचेरीत वेळेची काय सवलत मिळते ते लेखी विचारा.

प्रश्न: आधी घर ठरवावे की मुलांची शाळा?

शाळा. अनेक देशांत पत्त्यावरून शाळा ठरते, आणि ही हद्द कधी कधी एकाच रस्त्याच्या मधून जाते. समोरच्या फुटपाथवरच्या मुलांना जी शाळा मिळते ती तुमच्या मुलांना मिळेलच असे नाही. ‘या भागातल्या मुलांना तिथे सहज घेतात’ हे घर दाखवणाऱ्याचे वाक्य निरुपयोगी आहे, कारण प्रवेश तो देत नाही. शाळेकडे घराचा नेमका पत्ता देऊन लेखी उत्तर मागा. सामान बांधून झाल्यावर मला हा प्रश्न विचारणारे पालक दरवर्षी असतात. तोवर जागा भरलेल्या असतात आणि मी काहीही करू शकत नाही.

प्रश्न: मित्र म्हणतो, तो भाग चांगला नाही.

तो तिथे शेवटचा कधी गेला होता, ते विचारा. मग स्वतः अंधार पडल्यावर जा आणि स्थानिक पोलिसांशी बोला.

प्रश्न: घर नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. विक्रेता म्हणतो, हा ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर आहे आणि तो नुकताच येऊन गेला, आता काळजी नाही. शिवाय आम्ही तिसऱ्या मजल्यावर असू.

हे वाक्य ऐकले की मला राग येतो, कारण त्यावर विसंबून लोक आयुष्याची कमाई पाण्यात घालतात. ‘शंभर वर्षांचा पूर’ याचा अर्थ शंभर वर्षांनी येणारा पूर असा नाही. तेवढे पाणी येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला असला तरी यंदाही १ टक्काच. नदी हिशेब ठेवत नाही. आता ही शक्यता ३० वर्षांच्या गृहकर्जावर मांडा: त्या काळात निदान एकदा पूर येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारात एक! तेवढा धोका तुम्ही मुलांच्या बाबतीत दुसरीकडे कुठे पत्कराल?

आणि तो १ टक्काही जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. उपनगर वाढते तशी वरच्या अंगाची शेते आणि मोकळी जमीन काँक्रीटखाली जाते. जे पाणी मुरत होते, ते थेट नाल्याला धावते. त्यामुळे ‘इथे कधी पाणी पाहिले नाही’ असे सांगणारे म्हातारे शेजारी खोटे बोलत नसतात, पण त्यांनी पाहिलेली जमीन आता उरलेली नसते.

तिसऱ्या मजल्याचेही ऐका. पाणी घरात येणार नाही, पण वीजजोडणी, पंप आणि लिफ्टची यंत्रणा बहुधा खालीच असते. दोन दिवस अंधारात, नळाला पाणी नसताना, आजारी आईला जिन्यावरून कसे उतरवाल? वाहते पाणी १५ सेंटिमीटर असले तरी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतात आणि ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकते.

एका कुटुंबाबरोबर मी असेच घर पाहायला गेले होते. भिंतींना ताजा रंग, दलाल स्वयंपाकघराचे कौतुक करत होता. मी खाली वाकून दाराची चौकट पाहिली. तळाचे लाकूड फुगून फाटले होते. फाटकाच्या गजांवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गंज, आणि त्याच्या वर गज स्वच्छ. भिंतीतले विजेचे सगळे सॉकेट छातीच्या उंचीवर नेलेले. घराने सगळे सांगितले होते, रंग फक्त वरून दिला होता. त्यांनी ते घर घेतले नाही.

तुम्ही हे करा. स्थानिक प्रशासनाकडून पूररेषेचा नकाशा घ्या. स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा. विक्रेत्याने सुचवलेला नको. आणि सही करण्याआधी विमा कंपनीकडून पुराच्या विम्याचा हप्ता विचारा. हप्ता अवाच्या सवा निघाला किंवा कंपनीने नकार दिला, तर तुम्हाला उत्तर मिळाले.

प्रश्न: विमानतळाजवळ घर स्वस्त मिळते आहे. आवाजाची सवय होते म्हणतात.

कानाला झाली असे वाटते, झोपेला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या खाली असावा असे सुचवले. घरात तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी काय पाहावे?

त्यांना सोबत नेऊन दाखवा, हे पहिले. घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत त्यांना चालू द्या आणि ते कुठे थांबतात, रस्ता ओलांडताना कुठे घाबरतात ते बघा. चढ तरुणाला जाणवतही नाही. जवळच्या रुग्णालयात रात्री तातडीची सेवा खरोखर चालू असते का, ते तिथेच जाऊन विचारा; पाटीवरून ठरवू नका. त्यांच्या आताच्या डॉक्टरांकडून सगळे कागद आणि नव्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी निघण्याआधीच घ्या.

प्रश्न: दलाल म्हणतो, आज टोकन दिले नाही तर घर जाईल. द्यावे का?

नाही. आधी कागद वकिलाला दाखवा. तोवर घर गेले तर जाऊ द्या.